ताईचे शेक सुरू होणार आहेत. हळदीच्या आणि ग्रीन टीच्या कॅप्सूल द्याव्यात का?

मनीषा, कळवा

सर्वांना नमस्कार. माझी थोरली बहीण ४७ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिला गर्भाशयाच्या पिशवीच्या तोंडाचा कर्करोग असल्याचे निदान झाले आणि बायॉप्सी व एमआरआयनंतर डॉक्टरांनी तो '२ बी' टप्प्यात असल्याचे सांगितले. शस्त्रक्रिया न करता बाहेरून २५ शेक (रेडिएशन), त्याच काळात दर आठवड्याला सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची एक सलाइन आणि शेवटी आतून शेक, असा बेत ठरला असून तो येत्या सोमवारपासून सुरू होईल.

अडचण अशी की आमच्या आतेबहिणीच्या यजमानांनी ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून ३,४०० रुपयांचा एक डबा आणून दिला आहे. त्यात साठ कॅप्सूल आहेत. वेष्टनावर हळदीचा अर्क, काळ्या मिरीचा अर्क, ग्रीन टीचा अर्क आणि द्राक्षांच्या बियांचा अर्क अशी यादी असून त्याखाली मोठ्या अक्षरांत 'वनस्पतिजन्य अँटिऑक्सिडंट' असे छापले आहे. या कॅप्सूल घेतल्यास शेकाचा त्रास होत नाही आणि कॅन्सरच्या पेशी आपोआप मरतात, असे दुकानदाराने सांगितले म्हणे. रुग्णालयात विचारले तर गर्दीत "बाहेरचे काही देऊ नका" एवढेच उत्तर मिळाले आणि कारण विचारायला पुढचा नंबर आड आला. हळद तर आपण रोज खातो, मग तिच्या कॅप्सूलने काय बिघडेल, असे घरातले सगळे म्हणतात आणि मला त्यांना उत्तर देता येत नाही.

दुसरी गोष्ट माझी स्वतःची. ताईच्या निदानानंतर मीही तपासणी केली. मी ३९ वर्षांची आहे. अहवालात पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) नॉर्मल, पण 'एचपीव्ही पॉझिटिव्ह' असे आले आहे. आवळा, हिरव्या पालेभाज्या, ग्रीन टी यांनी हा विषाणू जातो का? माझी मुलगी १३ वर्षांची आहे, तिच्यासाठी आतापासून काय करता येईल? कृपया कारणासहित सांगावे.

श्रीनिवास, नौपाडा

मनीषाताई, मी ३१ वर्षे औषधशास्त्र शिकवले आणि आता निवृत्त आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे ताईंच्या उपचारांविषयी अंतिम शब्द त्यांच्या डॉक्टरांचाच राहील. मात्र आपण कारण विचारले आहे आणि ते सांगणे मला जमण्यासारखे आहे.

आधी हळदीची कीर्ती कुठून आली ते पाहू. या रोगामागे एचपीव्ही नावाचा विषाणू असतो, हे दाखवून दिल्याबद्दल हाराल्ट झुर हाउसेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूच्या शंभराहून अधिक प्रकारांपैकी १६ आणि १८ हे दोन प्रकार मिळून सुमारे ७० टक्के रुग्णांच्या रोगाला कारण ठरतात. विषाणू पेशीत ठाण मांडतो आणि ई-६ व ई-७ अशी दोन प्रथिने तयार करतो. त्यांपैकी पहिले प्रथिन पेशीतील पी-५३ या पहारेकऱ्याचा नाश करवते, तर दुसरे पेशीविभाजनावरचा लगाम काढून टाकते. हळदीतील कर्क्युमिन काचपात्रातल्या पेशींवर टाकले की ही दोन्ही प्रथिने कमी बनतात आणि पेशी मरू लागतात. असे प्रयोग खरोखरच झाले आहेत आणि त्यांत खोटे काही नाही. त्यांतले कित्येक प्रयोग ज्या 'हेला' पेशींवर होतात त्या हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकी स्त्रीच्या आहेत. १९५१ साली बाल्टिमोरमध्ये ती याच रोगाने गेली, आणि तिच्या पेशी मात्र आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत.

घोडे पेंड खाते ते काचपात्राबाहेर. कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, आतड्यातून फारच थोडे शोषले जाते आणि जे शोषले जाते त्याची यकृत लगेच विल्हेवाट लावते. २००१ साली तैवानमध्ये २५ रुग्णांवर एक छोटी चाचणी झाली. त्यांत गर्भाशयमुखाच्या पूर्वकर्करोगाच्या चार स्त्रियाही होत्या. दिवसाला आठ ग्रॅम कर्क्युमिन देऊनही रक्तातील पातळी सरासरी १.७७ मायक्रोमोलच्या वर गेली नाही, आणि काचपात्रात पेशी मारायला साधारणपणे याच्या दहा ते तीस पट लागते. हळदीत कर्क्युमिन तीन टक्क्यांच्या आसपास असते हे धरले, तर आठ ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून अधिक हळद खावी लागेल. त्या चार स्त्रियांपैकी एकीची स्थिती सुधारली आणि एकीला औषध चालू असतानाच पुरता कर्करोग झाला. इतक्या थोड्या माणसांवरून काहीच सिद्ध होत नाही. पण दुकानदार सांगतो ती पहिली ओळ असते, आणि ही दुसरी ओळ तो सांगत नाही.

ग्रीन टीचे थोडे निराळे आहे. तिच्या अर्काचे मलम २००६ साली अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले, पण ते बाह्य जननेंद्रियांवरच्या चामखिळींसाठी. या चामखिळीही एचपीव्हीमुळेच होतात, मात्र त्या ६ आणि ११ या सौम्य प्रकारांमुळे. मलम थेट चामखिळीवर बसते, त्यामुळे औषध जिथे हवे तिथे हव्या त्या प्रमाणात पोहोचते. तोच अर्क पोटातून दिला तेव्हा काय झाले? विषाणू चिकटून राहिलेल्या आणि पेशींत सौम्य बदल असलेल्या ९८ स्त्रियांना चार महिने एकतर तो अर्क किंवा तशाच दिसणाऱ्या रिकाम्या कॅप्सूल दिल्या. अर्क घेणाऱ्यांत १७.१ टक्के स्त्रियांची तक्रार पूर्ण मिटली आणि रिकाम्या कॅप्सूल घेणाऱ्यांत १४.६ टक्क्यांची. हा फरक योगायोगात जमा होतो.

या रिकाम्या कॅप्सूलच्या गटाकडे जरा थांबून पाहा, कारण सगळा घोळ तिथे आहे. सौम्य बदल बहुतेक स्त्रियांत काहीही न करता आपोआप नाहीसे होतात आणि विषाणूची लागणही बहुधा एक-दोन वर्षांत शरीर स्वतःच निपटून काढते. त्या काळात कोणी आवळ्याचा रस प्यायले तर श्रेय आवळ्याला मिळते, आणि कोणी रोज मासुंदा तलावाला प्रदक्षिणा घातल्या असत्या तर ते तलावाला मिळाले असते.

आता ताईंचा प्रश्न. शेक म्हणजे क्ष-किरणांसारखेच, पण अधिक शक्तीचे किरण. ते पेशीतील पाण्यावर आदळून तिथे अतिशय आक्रमक असे मुक्त कण तयार करतात आणि ते कण गाठीतील पेशीचा डीएनए तोडतात. शेकाच्या परिणामाचा मोठा भाग असा घडतो. अँटिऑक्सिडंटचे काम नेमके उलटे, म्हणजे मुक्त कण विझवण्याचे. डॉक्टर आग लावत आहेत आणि आपण कॅप्सूलमधून पाणी ओतत आहोत, आणि ते पाणी फक्त निरोगी पेशींवरच पडेल याची हमी कोणी दिलेली नाही. ही केवळ कागदी भीती नाही. कॅनडात डोके व मानेच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांना शेकाच्या काळात व्हिटॅमिन ई आणि बीटा-कॅरोटिन देऊन पाहिले, तेव्हा शेकाचा त्रास काहीसा कमी झाला, पण रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण वाढण्याकडे कल दिसला. तो रोग वेगळा आणि त्या गोळ्या वनस्पतींच्या अर्काच्या नव्हत्या, हे मान्य. तरी शेकाची यंत्रणा तीच आहे आणि "शेकाचा त्रास होत नाही" हे आश्वासनही तेच आहे, म्हणून ते वाक्य ऐकून मला धाकधूक होते.

काळ्या मिरीच्या अर्काचा वेगळा धोका आहे. त्यातले पायपरिन कर्क्युमिनचे शोषण वाढवते, पण ते इतर औषधांच्या निचऱ्यातही ढवळाढवळ करते. मिरी घातलेल्या हळदीच्या आणि ग्रीन टीच्या तीव्र अर्कांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडावर भार टाकते, म्हणूनच प्रत्येक आठवड्याला सलाइनच्या आधी रक्त तपासले जाते. एखाद्या आठवड्यात यकृताचे किंवा क्रिएटिनिनचे (म्हणजे मूत्रपिंडाचे) आकडे वाढले तर सलाइन पुढे ढकलावी लागते. ताईंच्या आजारात बाहेरचे आणि आतले शेक मिळून सारा उपचार साधारण आठ आठवड्यांत पुरा व्हावा लागतो, कारण तो लांबला की परिणाम घटतो. ३,४०० रुपयांच्या डब्यापायी हे वेळापत्रक विस्कटू देऊ नये.

घरी सांगण्यासाठी एक आकडा देतो. परळच्या टाटा रुग्णालयात ६३५ स्त्रियांवर झालेली एक चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. त्यांत ताईंचा टप्पाही होता. आधी केमो आणि मग शस्त्रक्रिया, की शेकासोबत केमो, अशी ती तुलना होती. शेकासोबत केमो घेतलेल्यांपैकी ७६.७ टक्के स्त्रिया पाच वर्षांनंतर रोगमुक्त होत्या आणि दुसऱ्या गटात हे प्रमाण ६९.३ टक्के होते. ताईंना जे मिळणार आहे त्याची ताकद ही अशी मोजलेली आहे.

आमटीतली हळद, पालेभाजी, जेवणातले लिंबू आणि कपभर चहा खुशाल द्या. अन्नातून जाणारे प्रमाण इतके अल्प असते की ते शेकाच्या आड येत नाही.

सुलभा, ऐरोली

मी २०२१ मध्ये या सर्वांतून गेले आहे, म्हणून सरांच्या उत्तराला थोडी स्वयंपाकघरातली जोड देते. मलाही २५ शेक आणि पाच सलाइन होत्या. दुसऱ्या आठवड्यापर्यंत काहीच वाटले नाही. तिसऱ्या आठवड्यात दिवसातून सात-आठ वेळा जुलाब सुरू झाले, कारण शेकाच्या वाटेत आतडीही येतात. नेमक्या त्याच वेळी माझ्या नणंदेने प्रेमाने 'अँटिऑक्सिडंट' म्हणून आवळा, बीट आणि गव्हांकुरांचा रस रोज सकाळी ग्लासभर आणून द्यायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी जुलाब इतके वाढले की पोटॅशियम घसरले, दोन दिवस रुग्णालयात राहावे लागले आणि त्या आठवड्याचे दोन शेक चुकले. नणंद आजही त्या आठवणीने डोळ्यांत पाणी आणते. तिचा दोष नव्हता, चार माणसे सांगतात तेच तिने केले होते.

त्या काळात माझ्या पोटाला मानवले ते असे: मऊ भात आणि मुगाच्या डाळीचे पातळ वरण, दूध बंद करून पातळ ताक, राजगिऱ्याच्या लाह्यांची पेज, उकडलेले अंडे, शिजवून कुस्करलेले सफरचंद आणि केळे. कोशिंबिरी, मोड आलेली कडधान्ये, पालेभाज्यांचे देठ हे सगळे जुलाब थांबेपर्यंत बंद होते. एरवी ज्याला आपण पौष्टिक म्हणतो तेच तेव्हा आतड्याला बोचते, हे घरच्यांना पटवायला मला त्रास पडला. ताईंचे हिमोग्लोबिन सांभाळा. माझे ८.६ वर आल्यावर रक्त द्यावे लागले आणि रक्त कमी असेल तर शेकाचा परिणामही उणावतो, असे तेव्हा डॉक्टरांनी समजावले होते.

आणखी एक गोष्ट. दर शेकाला मूत्राशय सांगितले असेल तेवढे भरलेले लागते. ऐरोलीहून निघताना मी पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली बरोबर ठेवायचे आणि तिथे पोहोचल्यावर, नंबर यायच्या चाळीस मिनिटे आधी पिऊन संपवायचे. आधीच प्यायले आणि रस्त्यात अडकले की पंचाईत. कळव्याहून निघणार असाल तर हा हिशेब पहिल्या दिवसापासून बसवा.

वैद्य, पाचपाखाडी

प्राध्यापकमहोदयांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे आणि माझ्याकडे शेक चालू असलेले रुग्ण येतात तेव्हा मी स्वतः काढे व अर्क थांबवतो. 'अँटिऑक्सिडंट' हा शब्दही आमच्या शास्त्रातला नाही. आवळ्याला आम्ही रसायन म्हणतो ते निराळ्या अर्थाने, आणि तेही ज्याचा अग्नी चांगला आहे त्याच्यासाठी. जुलाब होणाऱ्या रुग्णाला गव्हांकुराचा रस देणे आयुर्वेदालाही मान्य होणार नाही.

तरीही एक आक्षेप नोंदवतो. वनस्पतींचा उपयोग नाही, असा सूर यातून निघू नये. आपल्याच सह्याद्रीत वाढणाऱ्या नरक्या या झाडापासून कर्करोगाचे औषध मिळते, हे किती जणांना ठाऊक आहे? शिवाय हळदीला पेटंट मिळत नाही म्हणून तिच्या मोठ्या चाचण्या कोणी करत नाही, हेही वास्तव आहे.

श्रीनिवास, नौपाडा

वैद्यबुवांनी नरक्याचे नाव काढले याचा मला आनंद झाला, कारण त्याने माझे म्हणणे अधिक स्पष्ट होते. कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य १९६६ मध्ये एका चिनी झाडात सापडले आणि १९७२ मध्ये आपल्या नरक्यातही ते असल्याचे दिसले. त्यात थोडा बदल करून टोपोटेकॅन हे औषध बनले. सिस्प्लॅटिनबरोबर त्याचा वापर उलटलेल्या किंवा पसरलेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत २००६ पासून मान्य आहे. याच रोगात वापरले जाणारे पॅक्लिटॅक्सेल मुळात पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतले. तेव्हा वनस्पतींचे ऋण आहेच. पण यांपैकी कोणतेही औषध अँटिऑक्सिडंट म्हणून काम करत नाही. टोपोटेकॅन डीएनएच्या तुटलेल्या धाग्याची दुरुस्ती अडवते आणि पॅक्लिटॅक्सेल विभाजन पावणाऱ्या पेशीला मध्येच जखडून टाकते. ही मोजून मापून दिलेली विषे आहेत आणि म्हणूनच ती शिरेतून, रक्त तपासून दिली जातात.

मोठ्या चाचण्या झाल्याच नाहीत, हे मात्र खरे नाही. कोबी-फ्लॉवरच्या कुळातील इंडोल-३-कार्बिनॉल या द्रव्याची सन २००० मध्ये ३० स्त्रियांवर चाचणी झाली आणि औषध घेतलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचा पूर्वकर्करोग मावळला, तर रिकाम्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी एकीचाही नाही. तो निकाल वाचून मीही हरखलो होतो आणि वर्गात सांगितलाही होता. पुढे त्याच द्रव्यापासून पोटात तयार होणाऱ्या पदार्थाची वेल्समध्ये ५५१ स्त्रियांवर चाचणी झाली आणि सौम्य बदल असलेल्या त्या स्त्रियांत सहा महिन्यांनंतर काडीचाही फरक दिसला नाही. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना मला माझे आधीचे वाक्य मागे घ्यावे लागले. बीटा-कॅरोटिनच्या चाचण्या पूर्वकर्करोगात एकाहून अधिक झाल्या आणि फोल ठरल्या. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर ते वापरले तेव्हा तर फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला आणि १९९४ साली ते जगाला कळले.

डॉ. अनुराधा, कोपरखैरणे

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. ताईंविषयी वर पुरेसे आले आहे. मी मनीषाताईंच्या स्वतःच्या अहवालाकडे वळते, कारण या चर्चेत तो मागे पडला आणि घरोघरी नेमके हेच होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

अहवालात एचपीव्हीचा कोणता प्रकार आहे ते पाहा. १६ किंवा १८ लिहिले असेल तर पॅप नॉर्मल असली तरी थांबू नका आणि कोल्पोस्कोपी करून घ्या. त्यात दुर्बिणीतून गर्भाशयमुख मोठे करून पाहतात आणि शंका आली तर तिथल्या तिथे छोटा तुकडा तपासणीला घेतात. इतर धोकादायक प्रकार असेल आणि पॅप नॉर्मल असेल तर साधारण वर्षभराने चाचणी पुन्हा करतात. पॉझिटिव्ह येणे म्हणजे कर्करोग नव्हे. लागण झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा १५ ते २० वर्षे जातात आणि त्या काळात पूर्वकर्करोग सापडला तर तो भाग जाळून किंवा तारेच्या कड्याने कापून काढता येतो, बहुतेकदा त्याच दिवशी घरी जाता येते. आवळा आणि पालेभाज्या जरूर खा, पण विषाणू घालवण्याचे औषध म्हणून नव्हे. घरात कोणी मिशरी लावत असेल किंवा तंबाखू खात असेल, तर ती सोडवणे कोणत्याही कॅप्सूलपेक्षा फायद्याचे आहे. धूम्रपान या रोगाला हातभार लावते, हे तर पक्के ठाऊक आहे.

या रोगात आपल्याकडे खरी उणीव तपासणीची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जेमतेम १.९ टक्के स्त्रियांनी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी केलेली आढळली. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना हा रोग होतो आणि सुमारे ८० हजार स्त्रिया दगावतात. तपासणी काही महागडी असावी लागते असेही नाही. व्हीआयए चाचणीत कापसाच्या बोळ्याने पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, गर्भाशयमुखाला लावतात आणि मिनिटभर थांबतात. बिघडलेल्या पेशींचा भाग तेवढाच पांढरा पडतो, साध्या दिव्यात डोळ्यांना दिसतो. मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाख स्त्रियांवर टाटा रुग्णालयाने केलेल्या चाचणीत, दहावी शिकलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी एवढे केले आणि या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

मुलीसाठी लस. तेरावे वर्ष अगदी योग्य आहे, कारण विषाणूशी गाठ पडण्याआधी ती द्यावी लागते. पुण्यात बनणारी सर्वाव्हॅक ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर आहे आणि ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने तिचे दोन डोस देतात. स्वीडनमध्ये सोळा लाखांहून अधिक मुली व तरुणींच्या नोंदी तपासल्या तेव्हा सतरा वर्षांच्या आत लस घेतलेल्यांत हा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी आढळला. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी करावीच लागते, कारण उरलेले प्रकार लशीच्या कक्षेत नाहीत.

आणि संबंधानंतर रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाणे, वास येणारे पांढरे जाणे, यांवर घरी काढे करत बसू नये. माझ्याकडे उशिरा येणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणी सहा-सहा महिने कुठला ना कुठला रस पीत आलेल्या असतात.

मनीषा, कळवा

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री सरांचे उत्तर मी घरी मोठ्याने वाचून दाखवले. पाव किलो हळदीचा हिशेब ऐकून ताई बऱ्याच दिवसांनी हसली. आतेबहिणीचे यजमान डबा परत करायला गेले होते, पण सील फोडल्यामुळे दुकानदाराने तो घेतला नाही. तो आता कपाटाच्या वरच्या फळीवर आहे आणि ताईच्या फायलीत वेष्टनाचा फोटो लावून ठेवला आहे, म्हणजे सोमवारी डॉक्टरांना दाखवता येईल. दोनच कॅप्सूल गेल्या आहेत.

माझा अहवाल पुन्हा काढून पाहिला. खाली बारीक अक्षरांत 'प्रकार १६' असे लिहिले होते, ते मी वाचलेच नव्हते. गुरुवारी साडेअकराची कोल्पोस्कोपीची वेळ मिळाली आहे. सुलभाताई, राजगिऱ्याच्या लाह्यांची पेज पाण्यात करायची की ताकात, तेवढे सांगाल का?

सुलभा, ऐरोली

पाण्यात शिजवा, चिमूटभर मीठ घाला आणि कोमट झाल्यावर वरून ताक ओता. आधी घातले तर फाटते. गुरुवारी काय झाले ते कळवा.